मालकाचे बारा टक्के कोण भरतो?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा उमेदीचा सगळा काळ कामगारवस्तीत गेला. म्हणून यंदा एक व्याख्यान पगारावर, आणि तेही पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशांवर ठेवावं, असं मी सुचवलं. संयोजक थोडे बिचकले. अर्थशास्त्राला श्रोते येत नाहीत, असा त्यांचा अनुभव. मी म्हटलं, पत्रिकेवर अर्थशास्त्र छापूच नका, ‘पगारातून काय कापतात’ असं छापा. आलात की नाही?

माझा प्रश्न साधा आहे. भविष्यनिर्वाह निधीत, म्हणजे आपल्या पीएफमध्ये, कामगाराचे १२ टक्के जातात आणि मालकाचे १२ टक्के जातात. हे मालकाचे बारा टक्के कोण भरतो? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? मालकाचे मालक भरतो. चलन त्याच्या नावाचं, सही त्याची, उशीर झाला तर दंड त्याला. बरोबर आहे. पण चलन कोण भरतो आणि भार कोण सोसतो, या दोन गोष्टी एकच आहेत का?

नोकरी आहे म्हणून, पगाराच्या प्रमाणात, पगार हातात पडण्याआधीच जो पैसा घेतला जातो, त्याला जगभर पे-रोल टॅक्स म्हणतात. आपल्याकडे या नावाचा कर नाही. पण त्याच जातकुळीच्या तीन गोष्टी तुमच्या पगारपत्रकावर असतात. पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, आणि व्यवसाय कर.

व्यवसाय कराचं आधी उरकून घेतो. महाराष्ट्रात महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीतच शंभर जास्त का, असं दर वर्षी ऑफिसात कुणीतरी विचारतं. राज्यघटनेनं या करावर वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे; अकरा महिने २०० घेतले की ३०० उरतात, एवढंच त्यातलं गूढ. पण या कराचा जन्म विसरू नये. बहात्तरच्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता, आणि १९७५ साली प्रामुख्यानं शहरातल्या पगारदारांवर हा कर बसला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या पाझर तलावावरची मजुरी निघाली. देशात असा व्यवहार दुसऱ्या कुठल्या राज्यानं त्या काळी केला नव्हता. रक्कम किरकोळ, त्यामुळे या करापायी कुणी नोकरी सोडल्याचं ऐकिवात नाही. मर्यादा १९८८ पासून तिथंच अडकली आहे. तेव्हा त्याला नमस्कार करू आणि मोठ्या कपातीकडे वळू.

आकडे एकदाच सांगतो. पीएफचा कायदा १९५२चा. सुरुवात सहा उद्योगांपासून झाली : सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. तेव्हा दर सव्वासहा टक्के होता. तो वाढत वाढत १९९७ मध्ये १२ वर आला. मालकाच्या बारापैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, उरलेले ३.६७ खात्यात. शिवाय विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासनखर्चाचा अर्धा टक्का मालकाकडेच. ईएसआयमध्ये मालक ३.२५, कामगार ०.७५. म्हणजे दोन्ही कायदे लागू असलेल्या माणसाच्या शंभर रुपये पगारावर मालकाला खर्च येतो ११६ रुपये २५ पैसे, आणि कामगाराच्या हातात पडतात ८७ रुपये २५ पैसे. मधले २९ रुपये. आजचं व्याख्यान या एकोणतीस रुपयांचं आहे.

पहिला मुद्दा : भार कुणावर?

पीएफच्या कायद्यात एक बारावं कलम आहे. वकील मंडळी सोडली तर ते फारसं कुणी वाचत नाही. पीएफ भरावा लागतो एवढ्याच कारणानं मालकानं कामगाराचा पगार प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कमी करू नये, असं ते कलम सांगतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना १९५२ सालीच पक्कं ठाऊक होतं की मालकाला हा भार खाली ढकलावासा वाटणार! त्यांनी दार बंद केलं. पण हे कलम फक्त चालू पगाराचं रक्षण करू शकतं. उद्या येणाऱ्या माणसाला किती पगार कबूल करायचा, ते कोणतं कलम सांगणार? यंदाची पगारवाढ आठशेऐवजी पाचशे दिली, तर ती पीएफपायी कमी झाली हे कुठल्या कोर्टात सिद्ध करणार? मालक पगार कमी करत नाही, तो वाढवायचा विसरतो.

आणि आता तर विसरण्याचीही गरज राहिलेली नाही. तुमच्या मुलामुलींची ऑफर लेटरं काढून बघा. वर ठळक आकडा असतो सीटीसीचा, कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा. त्यात मूळ पगार, घरभाडे भत्ता, खास भत्ता असं खाली खाली येत शेवटी एक ओळ असते : पीएफ, मालकाचा वाटा. तो सीटीसीच्या आत! म्हणजे सहा लाखांचं पॅकेज म्हणून ज्याचे पेढे वाटले, त्यात मालकाचे बारा टक्केही आले, आणि काही ठिकाणी ग्रॅच्युइटीही. पहिला पगार झाल्यावर पोरगं विचारतं, ‘बाबा, हातात एवढेच?’ अर्थशास्त्राचे प्राध्यापक एक अख्खं सत्र घेऊन जे शिकवतात, ते त्या पोराला पहिल्या महिन्याच्या एक तारखेला कळतं.

तत्त्व असं, की मालक ‘माझा वाटा, तुझा वाटा’ असा हिशेब करत नाही. हा माणूस ठेवला तर मला सगळं मिळून किती पडतात आणि तो किती मिळवून देतो, एवढंच तो बघतो. त्याच्यासमोरचा आकडा ११६ रुपये २५ पैशांचा. त्यातले सव्वासोळा सरकारनं कुणाच्या नावावर टाकले, यानं त्याच्या हिशेबात फरक पडत नाही.

राजकारण्यांना मात्र फार फरक पडतो. ब्रिटनमध्ये लेबर पक्षानं निवडणुकीत शब्द दिला होता, कष्टकऱ्यांवरचा नॅशनल इन्शुरन्स वाढवणार नाही. निवडून आल्यावर पैसा तर हवा होता. मग २०२४च्या ऑक्टोबरात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी मालकांचा दर १३.८ वरून १५ टक्के केला, आणि वर्षाला ज्या पगारापासून तो सुरू होतो ती रेषा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आणली. एप्रिल २०२५ पासून अंमल. शब्द पाळला की मोडला? अर्थसंकल्प तपासणाऱ्या तिथल्या स्वतंत्र कार्यालयानं लगेच लिहून ठेवलं की एक-दोन वर्षांत या वाढीचा साधारण तीन-चतुर्थांश भार रोडावलेल्या पगारवाढीच्या वाटेनं कामगारांवरच उतरेल. रेषा खाली आणल्याचा चटका कुणाला? अर्धवेळ काम करणाऱ्यांना. म्हणजे बहुतेक बायकांना.

मग काय, भार नेहमी कामगारावरच पडतो? पाठ्यपुस्तक तसं म्हणतं. माझं पुस्तकाशी इथं थोडं भांडण आहे.

चिलीत १९८१ साली पिनोशेच्या राजवटीत पेन्शनव्यवस्था खासगी झाली. मालकांवरचा पगारकर सरासरी ३० टक्क्यांवरून काही वर्षांत साडेआठवर आला. जोनाथन ग्रुबर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं कारखान्यांचे आकडे तपासले. वाचलेला पैसा मालकांनी ठेवून घेतला का? नाही. नोकऱ्या वाढल्या का? त्याही नाही. जवळजवळ सगळा पैसा पगारात गेला. पुस्तक जिंकलं.

आता त्याच खंडातलं कोलंबिया बघा. तिथं १९९३च्या सुधारणांनी पेन्शन आणि आरोग्याची वर्गणी वाढवली. अॅड्रियाना आणि मॉरिस कुगलर या अर्थतज्ज्ञांचा निष्कर्ष असा की कर दहा टक्के वाढला तर पगार जेमतेम दीड ते सव्वादोन टक्के घटतो, पण नोकऱ्या चार ते पाच टक्के जातात. असं का? कारण पगार खाली यायला जागाच नव्हती. बरेच लोक किमान वेतनावर. मालकाला पगार कापता येईना, तेव्हा त्यानं माणसं कापली.

स्वीडननं उलटा प्रयोग केला. २००७ ते २००९ च्या दरम्यान पंचविशीच्या आतबाहेरच्या तरुणांवरचा मालकाचा कर जवळपास निम्म्यावर आणला. पुस्तकाप्रमाणे तरुणांचे पगार वाढायला हवे होते. वाढले नाहीत! एकाच टेबलावर एकच काम करणाऱ्या पंचवीस आणि सत्तावीस वर्षांच्या दोघांना वेगळा पगार कुठला मालक देईल? पण तरुणांना नोकऱ्या जास्त मिळाल्या. आणि ज्या कंपन्यांत तरुण जास्त होते, त्यांनी वाचलेला पैसा थोडाथोडा सगळ्यांनाच वाटला.

तेव्हा भार कुणावर, याचं उत्तर कर बसवणाऱ्या कायद्यात नसतं. पगार लवचीक असेल तर पगारावर. पगार तळाला टेकलेला असेल तर नोकरीवर. आणि काही काळ, दोघांनाही हलता येत नाही तोवर, नफ्यावर. या तिसऱ्या शक्यतेकडे शेवटी परत येईन.

एक हिशेब मात्र इथंच करू, कारण तो चर्चेत आहे. मूळ पगार छोटा दाखवायचा आणि बाकी सगळं भत्त्यांत घालायचं, ही आपल्याकडची जुनी कला. पीएफ भत्त्यांवर बसत नाही ना! सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं की सगळ्यांना सरसकट दिले जाणारे भत्ते म्हणजे मूळ पगारच. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार कामगार संहिता अमलात आल्या, त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनं भत्त्यांना निम्म्यावर कुंपण घातलं. समजा, एखादीचा एकूण पगार २८,००० आहे आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ९,००० दाखवलेत. पीएफ १,०८०. नव्या व्याख्येनं वेतन १४,०००, पीएफ १,६८०. तिच्या वाट्याचे ६०० रुपये हातातून गेले. मालकाचेही ६०० वाढले. आणि ते सीटीसीच्या आत असतील तर तेही तिचेच गेले. बाराशे रुपये. खात्यात जमा झाले, हे खरं. पण घरभाडं खात्यातून देता येत नाही.

दुसरा मुद्दा : हातात कमी आलं तर माणूस काम कमी करतो का?

याला अर्थशास्त्रात दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तासाला मिळणारं कमी झालं, मग कशाला राबा, असं एक मन म्हणतं. घरखर्च तर तेवढाच आहे, मग चार तास जास्त करू, असं दुसरं म्हणतं. युरोपात पहिल्या मनावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, विशेषतः घरातल्या दुसऱ्या मिळवत्या व्यक्तीबद्दल, म्हणजे पुन्हा बाईबद्दल. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत दुसरं मन जिंकतं. तिथला कामगार ओव्हरटाइम मागतो.

आणि ओव्हरटाइमची एक गंमत आहे. पीएफ कायद्याच्या हिशेबात ओव्हरटाइमचा पैसा मूळ वेतनात धरला जात नाही. म्हणजे आठ तासांच्या कामावर दोघांचे मिळून २४ टक्के बाजूला जातात, पण नवव्या तासावर शून्य! कायद्यानं त्याचा दर दुप्पट ठेवलाय, पण किती ठिकाणी तो खरंच दुप्पट देतात, हे तुम्ही मला सांगा. सिंगल दरानं दिला तर मालकाला नववा तास पहिल्या आठांपेक्षा स्वस्त पडतो. नवा माणूस भरती करण्यापेक्षा जुन्यालाच बारा तास उभं करणं परवडतं. जितका पीएफचा दर वाढेल, तितकं जास्त परवडतं. कामगारालाही ते हवं असतं, कारण रोख मिळते. कामाचे तास वाढले आणि कामावरची माणसं तेवढीच राहिली. ‘श्रमाचा पुरवठा’ नावाच्या आलेखात हे कुठं बसवायचं?

पण आपल्याकडचा खरा परिणाम तासांवर नाहीच. आपल्याकडे कर वाढला की माणूस काम सोडत नाही, मस्टर सोडतो. काम तेच, मशीन तेच, शेड तीच. नाव फक्त पटावरून जातं.

किती वाटा आहेत बघा. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो. मग एका शेडमध्ये दोन कंपन्या निघतात. एक स्वतःच्या नावानं, दुसरी बायकोच्या. हे खपतं असं नाही, कायद्यात दोन्ही एकच धरता येतात. पण तपासणी होईतो वर्षं जातात. दुसरी वाट ठेकेदाराची. मूळ कंपनी ठेकेदाराला पगार अधिक पीएफ अधिक कमिशन असं बिल देते, आणि काही ठेकेदार दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून काढतात. तिसरी वाट प्रशिक्षणार्थींची. अप्रेंटिस कायद्याखालच्या मुलांना पीएफ लागू नाही. म्हणून चाकणच्या पट्ट्यात लाइनवर उभी असलेली कितीतरी मुलं कागदावर शिकत असतात. चौथी, व्हाउचरवर सही. पाचवी, ‘तुम्ही कामगार नाहीच, आमचे पार्टनर आहात’, असं मोबाइलवरून सांगणारी. घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलांसाठी सामाजिक सुरक्षा संहितेनं कंपन्यांवर उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी ठेवली आहे. पगारावर नाही, उलाढालीवर. पगारच मान्य नाही, तर त्यावर टक्केवारी कशी बसवणार?

इथं सगळा दोष मालकावर टाकून टाळ्या घेता येतील. घेणार नाही. कारण पट सोडायला कामगारही तयार असतो, आणि त्याला अडाणी म्हणणं हा आपला आळस आहे. ‘साहेब, फंड नको, हातात द्या,’ हे वाक्य तुमच्यापैकी ज्यांनी माणसं कामावर ठेवली आहेत त्या प्रत्येकानं ऐकलं असेल. तो असं का म्हणतो? पीएफवर २०२४-२५ साठी सव्वाआठ टक्के व्याज मिळालं. बँकेपेक्षा चांगलं. पण त्याच माणसानं गावाकडच्या सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्यानं पैसे उचललेले असतात. वर्षाचे झाले छत्तीस टक्के. एका हाताने छत्तीस टक्क्यांनी कर्ज फेडायचं आणि दुसऱ्या हाताने सव्वाआठ टक्क्यांनी सक्तीची बचत करायची, हा व्यवहार त्यानं का करावा? त्याच्या दृष्टीनं ती कपात म्हणजे निव्वळ करच. पन्नास हजार पगारवाल्याला तीच कपात बचत वाटते, कारण ती नसती तरी त्यानं काही तरी बाजूला टाकलंच असतं.

ईएसआयच्या कडेला अशीच एक विचित्र जागा आहे. २१,००० पगारापर्यंत ईएसआय. पगार त्यावर गेला की काही काळानं कुटुंबाची वैद्यकीय सोय बंद. ज्याच्या घरात डायालिसिसचा पेशंट आहे, त्याला २०,८०० वरून २१,३०० ही बढती वाटेल की शिक्षा? पगारवाढ नको म्हणणारा कामगार आळशी नसतो, त्याचा हिशेब चोख असतो.

तिसरा मुद्दा : पैसा गेला की साठला?

लॉरेन्स समर्स यांनी, ते अमेरिकेचे अर्थमंत्री होण्याच्या पुष्कळ आधी, १९८९ साली एक छोटं टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की ज्या कपातीच्या बदल्यात कामगाराला काही मिळतं आणि जे मिळतं त्याची तो किंमत करतो, ती कपात करासारखी वागत नाही. शंभर रुपये कापून नव्वद रुपये मोलाचं काही दिलं, तर कर फक्त दहाचा. विश्वास असेल तर माणूस कमी रोख पगारावरही काम करतो आणि पटावर राहतो. विश्वास नसेल तर पूर्ण शंभर हा कर.

याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा पुरावा मला विद्यापीठात नाही, बेंगळुरूच्या रस्त्यावर दिसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारनं नियम काढला की नोकरी सुटली तरी मालकाच्या वाट्याची रक्कम कामगाराला ५८ वर्षांचा होईपर्यंत काढता येणार नाही. हेतू चांगला होता, म्हातारपणी पैसा राहावा. एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. महामार्ग अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या. कुणी पुढारी नाही, मोठी युनियन नाही. सरकारनं तो नियम मागे घेतला. त्या बायका काय सांगत होत्या? ‘मालकाचा वाटा’ म्हणून तुम्ही जो म्हणता, तो आमचा पगार आहे. भाराचा सिद्धान्त त्यांनी वाचला नव्हता, पण मालकाचे बारा टक्के आपल्याच घामातून जातात हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि मुलीचं लग्न, आजारपण, हंगामात बंद पडलेला कारखाना हे सगळं अठ्ठावन्न वर्षांच्या आत घडतं, हेही.

दुसरं टोक बघायचं तर आपल्याच घरांत डोकावा. या सभागृहातल्या कितीजणांची मुलं अमेरिकेत आहेत? तिथं पगारातून ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे जातात, तेवढेच मालकाचे. पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांचं काम, चाळीस तिमाही पूर्ण व्हाव्या लागतात. एच-वन-बीवर गेलेला मुलगा सहा वर्षांनी परतला, तर? भारत आणि अमेरिका यांच्यात या वर्गणीबाबतचा करार नाही. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम यांच्याशी आहे. ब्रिटनशी २०२५च्या व्यापारकरारासोबत ठरला, त्यात तिकडे तात्पुरतं पाठवलेल्यांना तीन वर्षं सूट आहे. अमेरिकेशी मात्र नाही. म्हणजे परतलेल्या त्या मुलाचे पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी आजोबांच्या पेन्शनला गेले. चांगलंच झालं, पण त्याच्यापुरता तो शंभर टक्के कर.

अमेरिकेत १९३७ मध्ये ही कपात सुरू झाली ती एक-एक टक्क्यानं. ती पगारातूनच घ्यायची असा रूझवेल्ट यांचा आग्रह होता, आणि त्यांनी कारण राजकीय दिलं होतं : लोकांनी स्वतः भरलेला पैसा असला की उद्याच्या कुठल्याही सरकारला तो हक्क काढून घेता येणार नाही. बेंगळुरूच्या बायकांनी तेच दाखवलं.

आता आपली पेन्शन बघा. २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये. अकरा वर्षं उलटली. कमाल हिशेब १५,००० पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. पस्तीस वर्षं भरली तर ७,५००. मालकाच्या बारापैकी ८.३३ टक्के या कलमात जातात. व्याज दिसत नाही, पासबुकात शिल्लक वाढताना दिसत नाही. ज्या कपातीची कामगार किंमत करत नाही ती कर होते, हे समर्स यांचं म्हणणं आपण मान्य केलं, तर माझं मत असं की आपल्या पीएफमधला खात्यात जाणारा भाग बचत आहे आणि पेन्शनचा भाग बऱ्याच जणांसाठी कर होऊन बसला आहे. तो पुन्हा बचत वाटावा यासाठी दर कमी करण्याची गरज नाही, पेन्शन वाढवण्याची आहे.

आता माथाडींबद्दल बोललो नाही, तर महाराष्ट्रात व्याख्यान दिलं असं कोण म्हणेल? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा आला. ज्याला मालकच नाही, जो सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उचलतो आणि दुपारी दुसऱ्याची, त्याला पीएफ कसा द्यायचा? कायद्यानं मंडळं काढली. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्ही. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. टक्केवारी मंडळागणिक वेगळी, पण पीएफ-ईएसआयपेक्षा चांगलीच जड. सिद्धान्ताप्रमाणे इतकी जड लेव्ही मजुरीतून वसूल व्हायला हवी होती. नोंदणी झालेल्या टोळ्यांच्या बाबतीत तसं घडलं नाही, कारण टोळी दर ठरवूनच पोत्याला हात लावते. व्यापाऱ्याची वाट अडलेली होती. मग त्यानं दुसरी वाट शोधली. माल मंडळाच्या हद्दीबाहेर उतरवायचा, बिननोंदणीची माणसं लावायची, यंत्रं आणायची. कोलंबियाची गोष्ट वाशीच्या मार्केटातही आहे. जे आत आहेत त्यांचं भलं झालं आणि दरवाजा अरुंद झाला.

आता शेवटचं, आणि मघाशी उधार ठेवलेलं. पीएफची पगारमर्यादा १५,००० आहे, सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधी २००१ पासून ६,५०० होती. म्हणजे आपण तेरा तेरा वर्षं झोपतो आणि मग एकदम दुपटीहून मोठी उडी मारतो. ती वाढवा, ही मागणी जुनी आहे. समजा, उद्या ती २५,००० झाली. ज्याचा मूळ पगार २५,००० आहे त्याची कपात १,८०० वरून ३,०००, मालकाचीही तेवढीच. मधल्या १,२०० चं काय होईल?

आयटीतल्या मुलाचं सांगायला नको, त्याचे मालकाचे बाराशेही सीटीसीतून जातील, पहिल्याच महिन्यात. पिंपरीतल्या मोठ्या कारखान्यात, जिथं युनियन आहे आणि पगार तीन-साडेतीन वर्षांच्या करारानं ठरतो, तिथं करार संपेपर्यंत मालकाचे बाराशे खरोखर मालकच भरेल. तिसरी शक्यता म्हणालो ती हीच. पुढच्या कराराच्या टेबलावर मात्र एचआरवाला पहिलाच कागद तो काढेल : ‘एवढे तर आम्ही आधीच दिलेत.’ आणि ठेकेदाराकडचा मुलगा? त्याचा पगार किमान वेतनाला टेकलेला. त्याच्या कपातीत काहीच बदलत नाही, कारण तो १५,००० च्या आसपासच आहे. पण त्याच्या शेजारी उभा असलेला २२,०००चा कुशल कामगार महाग झाला, की ती जागा पुढच्या भरतीत ठेकेदाराकडे जाईल.

म्हणून मर्यादा वाढवू नका, असं मी म्हणतो का? मुळीच नाही. ती दर वर्षी महागाईबरोबर थोडी थोडी वाढवा म्हणतो. लहान वाढ पगारवाढीत विरून जाते, मोठी उडी नोकरीच्या कागदावर आदळते. सरकारनं ऑगस्ट २०२५ पासून नवी माणसं घेणाऱ्या मालकांना माणशी महिना ३,००० पर्यंत द्यायची योजना सुरू केली आहे, दोन वर्षं, कारखान्यांना चार. स्वीडनच्या अनुभवावरून सांगतो, पगार वाढतील या आशेवर राहू नका. नोकऱ्या किती वाढतात ते मोजा, आणि अनुदान संपल्याच्या पुढच्या महिन्यात त्यातले किती पटावर उरतात, तेही मोजा.

आणि युनियनच्या मित्रांना एक सुचवतो. पुढच्या मागणीपत्रात एक कलम घाला : पीएफची मर्यादा किंवा दर वाढल्यास मालकाचा वाढीव वाटा पगारवाढीत धरला जाणार नाही. बाराव्या कलमात जे अर्धवट राहिलं, ते करारात पुरं करता येतं. कायम कामगारांना हे कलम मिळेल, त्यांच्याकडे ताकद आहे. ठेकेदाराकडच्या मुलाला ते कोण मिळवून देणार? पहिल्या दोन रांगांत युनियनची मंडळी बसलेली दिसतायत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांनीच इथून करावी.